सराफ्याला हवी रुई

ग्वाल्हेरमधल्या लष्करच्या सराफा बाजारात आता काचेच्या पेटीतले काटे मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवतात. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या सोनं तोललं ते रानातल्या बीने. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. लालबुंद, टोकाला काळी असलेली ही बी कुंपणावर चढणाऱ्या वेलीची. तिच्या भरवशावर घराघरातल्या पाटल्या-बांगड्या घडल्या. या पेठेत रानाला पुन्हा थोडी जागा मिळावी, आणि पहिली रुईला.

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो. त्या उन्हात रस्त्याकडेच्या मुरमात रुई खुशाल फुललेली असते. मूळ खोल गेलेलं, पानांवर मेणाचा पांढुरका थर, अंगभर चीक. गुरं सहसा तोंड लावत नाहीत. मराठी घरांना ती आठवते शनिवारी मारुतीच्या माळेपुरती, नाहीतर रथसप्तमीच्या सात पानांपुरती.

तिचं फूल मात्र कुणी निरखत नाही. त्यात पराग सुटा नसतो. एका बारीक चिमट्याला जोडलेल्या दोन पिवळ्या थैल्या असतात. मध प्यायला बसलेल्या भुंग्याचा पाय फटीत अडकतो, तो हिसका देतो आणि थैल्यांची जोडी पायाला लटकते. पुढच्या फुलाच्या फटीत थैली नेमकी बसली, तरच शेंग धरते. हिसक्याला बळ लागतं, म्हणून हे काम मुख्यतः काळ्याभोर सुतारभुंग्याचं. शेवग्याच्या आणि तुरीच्या फुलांवरही तोच राबतो. जुन्या वाड्यांच्या तुळयांत भोकं पाडून राहतो, एवढ्यासाठी त्याला मारणं फार वाईट.

जुन्या वाड्यांचा विषय निघाला, की सराफ्यात 1858चा जून टाळता येत नाही. तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी लक्ष्मीबाईंनी ग्वाल्हेर घेतलं, तेव्हा शिंद्यांच्या खजिन्याची जबाबदारी अमरचंद बांठियांकडे होती. मूळचे बिकानेरकडचे जैन व्यापारी. लढणाऱ्या फौजेसाठी त्यांनी खजिना खुला केला. परिणाम काय होणार, हे पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला कळत नसेल असं थोडंच! इंग्रजांनी शहर परत जिंकलं आणि 22 जूनला याच बाजारात, कडुनिंबाच्या झाडाला, त्यांना फाशी दिलं. लोकांना दहशत बसावी म्हणून देह तसाच टांगून ठेवला. आज तिथे त्यांचा पुतळा आहे. दागिने घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाने तिथे क्षणभर थांबायला हवं.

जूनमध्ये कडुनिंबाचा मोहोर सरलेला असतो, निंबोळ्या लागलेल्या असतात. मधासाठी भटकणाऱ्या कीटकांना तेव्हा रुईचा आधार.

प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची तर ती दाईच. अळी पानाची शीर आधी कुरतडते, चिकाचा ओघ तोडते आणि मग पान खाते. त्यातलं विष अंगात साठतं, म्हणून पक्षी फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत.

रुई लावणं सोपं आहे. शेंग तडकण्याच्या बेतात असतानाच काढावी, नाहीतर म्हातारी उडून जाते. गच्चीवर खोल पिंप, मुरूम आणि वाळू, पावसाच्या तोंडावर पेरणी. खत नको, पाणी साचू द्यायचं नाही. पानं कुरतडलेली दिसली तरी औषध फवारू नये. छाटताना हातमोजे घालावेत आणि चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, त्याने डोळ्यांना गंभीर इजा होते.