परतीचं तिकीट

राजूरमध्ये वाढलेल्या मुलाला दोन धुळी ओळखू येतात. कॉलरीकडून वारा आला की काळी, चुनाभट्ट्यांकडून आला की पांढरी. आई दोरीवर कपडे टाकायच्या आधी भट्टीचा धूर कुठे झुकलाय ते बघायची. वणीजवळच्या या गावात जमिनीतून कोळसा निघाला, चुनखडी निघाली आणि त्यांच्या मागोमाग माणसं आली. तेलुगू बोलणारी आली, हिंदी बोलणारी आली. आली पोटासाठी, पण राहिली. इथंच त्यांची लग्नं झाली, इथंच मयती झाल्या, वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत त्यांची पोरं आमच्याबरोबर हरवली आणि सापडली. मी पुढं तालुक्यातच पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले, तेव्हा त्या घरांतली नातवंडं माझ्यापुढे पाटी घेऊन बसली होती आणि माझ्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलत होती.

वर्धा नदी ओलांडली की वरोरा, आणि वरोऱ्याला लागून आनंदवन. बाबा आणि साधनाताई आमटे मोजक्या कुष्ठरुग्णांना घेऊन तिथल्या माळावर राहायला गेले. पन्नासच्या दशकात त्या माळावर गोरी माणसंही आली. ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे ते स्वयंसेवक. पिएर सेरेझोल नावाच्या स्विस माणसानं पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधलं एक उद्ध्वस्त गाव पुन्हा उभं करायला निरनिराळ्या देशांतली माणसं जमवली, त्यातून ही संस्था निघाली. बिहारमध्ये १९३४ साली मोठा भूकंप झाला तेव्हा सेरेझोल स्वतः भारतात येऊन राबला होता. आनंदवनात आलेल्यांनीही तेच केलं. माती खणली, विटा वाहिल्या, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून इमारती उभारल्या. ज्या रुग्णांच्या सावलीलाही आपली माणसं उभी राहत नव्हती, त्यांच्याबरोबर परक्या देशातली तरुण पोरं घाम गाळत होती. मग ती आपापल्या देशी गेली. भिंती मागं राहिल्या.

ही गोष्ट मी लहानपणापासून अभिमानानं ऐकत आले. तिचा दुसरा अर्थ मला फार उशिरा, नेपाळमध्ये लागला.

नोकरीतून मोकळी झाल्यावर एका मैत्रिणीच्या ओळखीनं मी काठमांडूच्या बाहेरच्या एका बालगृहात राहायला गेले. सकाळी स्वयंपाकघरात हात, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. लिपी आपलीच, त्यामुळे पाटीवर पहिल्या दिवसापासून माझं काम चालू झालं. थंडीत सकाळी ऊन अंगणात उतरलं की लहान मुलांना ओळीनं बसवून मोहरीचं तेल चोळायचं, केसांतल्या उवा काढायच्या, नखं कापायची. ही कामं मला आवडत. मुलाचं नख कापताना त्याचा हात आपल्या हातात असतो आणि त्याला हलता येत नाही, म्हणून ते बोलतं.

त्यात एक चार-पाच वर्षांचा मुलगा होता. पुढचे दात किडलेले, गाल थंडीनं फुटलेले. तो रात्री चपला उशाखाली घेऊन झोपायचा. पायरीवर सगळ्यांच्या चपला एकत्र पडत. सकाळी जो आधी उठेल तो चांगली जोडी पायात घाली. अंगातला शर्टसुद्धा परवा दुसऱ्याच्या अंगात असायचा. त्या अख्ख्या घरात ‘माझं’ म्हणता येईल असं त्याच्याकडे तेवढंच होतं, आणि त्यासाठी तो डोक्याखाली टणक रबर सोसायचा.

बालगृहात पाहुणे स्वयंसेवक येत. युरोपातून, ऑस्ट्रेलियातून, आपल्याकडच्या मोठ्या शहरांतूनही. कोणी दोन आठवडे राही, कोणी महिना. मनानं चांगली मुलं होती ती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. पदरचे पैसे खर्चून येत, भिंतींवर हत्ती-जिराफ रंगवत, गाणी शिकवत, निघताना हमसून रडत. नवा पाहुणा फाटकात दिसला की हा चपलावाला मुलगा सगळ्यांच्या पुढे धावे आणि पाच मिनिटांत त्याच्या मांडीवर असे. पाहुण्याचे डोळे भरून येत. एवढ्या लवकर या लेकरानं आपल्याला आपलं मानलं!

मी आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळला. घरचं मूल शाळेत पहिल्या दिवशी कसं येतं ते मला पाठ आहे. आईच्या लुगड्यात तोंड खुपसतं, एका डोळ्यानं बाईंकडे बघतं, खडू दिला तरी घेत नाही. आठ-पंधरा दिवस गेले की मग हळूच जवळ येतं. परक्याला घाबरणं हे त्या वयात निरोगीपणाचं लक्षण आहे. त्या मुलाला आपलं कोण आणि परकं कोण हे नक्की ठाऊक असतं. पाच मिनिटांत कुणाच्याही मांडीवर जाणाऱ्या मुलाला ते ठाऊक नसतं. किंवा त्यानं एवढंच ओळखलेलं असतं, की मांड्या येतात आणि जातात, मिळेल तेवढ्या वेळात ऊब घेऊन ठेवावी.

हे माझ्या एकटीच्या मनाचे खेळ नाहीत. रेने स्पिट्झ या डॉक्टरनं १९४५ मध्येच लिहून ठेवलं, की संस्थेतल्या बाळांना अन्न आणि स्वच्छता मिळूनही, एक कायमचं माणूस नसेल तर ती वाळत जातात. जॉन बोल्बीनं १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी तेच पुन्हा मांडलं. रुमानियात चाउसेस्कूच्या राजवटीत हजारो मुलं अनाथालयांत कोंबली होती. राजवट कोसळल्यावर, २००० सालापासून बुखारेस्टमध्ये अशा मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. कुणाही अनोळखी माणसाच्या मागे निघून जायची सवय तिथल्या संशोधकांनी नोंदवली आहे. लहान वयात, विशेषतः दोन वर्षांच्या आत, ज्यांना सांभाळणारं कुटुंब मिळालं ती मुलं जास्त सावरली.

चपलावाल्या मुलाचं खरं माणूस कोण, हे मला रात्री कळलं. तिथं मुलांना सांभाळणारी एक दिदी होती, त्याच बालगृहात वयानं उतरत आलेली. दिवसा तो तिच्याशी भांडायचा. दूध नको म्हणून पेला ढकलायचा, तिच्याकडे पाठ करून बसायचा, एकदा चावलासुद्धा. पाहुण्यांना वाटे, बाई कडक असावी, मूल तिच्यावर रागावतं. पण मध्यरात्री अंथरूण ओलं झालं की अंधारात हाक यायची ती तिलाच. मी शेजारच्या खाटेवर असायची, मला नाही. ती उठायची, एक शब्द न बोलता त्याची चड्डी बदलायची, चपला पुन्हा उशाखाली ठेवायची. ज्याच्यावर रुसलं तरी तो जाणार नाही अशी खात्री असते, त्याच्यावरच मूल रुसतं. त्या दिदीचा फोटो कुणी काढल्याचं मला आठवत नाही. तिचा पगारही घरातल्या सगळ्यांत मोठ्या खर्चांपैकी नव्हता.

मग दशैं आला. आपला दसरा तोच. आपण घटाजवळ उगवलेलं धान टोपीत, वेणीत खोचतो. तेही जवाचे कोवळे पिवळे कोंब, जमरा म्हणतात त्याला, कानामागे खोचतात आणि घरातली वडील माणसं धाकट्यांच्या कपाळावर दही-तांदूळ-कुंकवाचा टिळा लावतात. टिळ्यासाठी माणूस कुठूनही घरी जातं. आणि त्या सणाच्या तोंडावर आमच्या ‘अनाथ’ मुलांना न्यायला माणसं येऊ लागली. कुणाचा काका, कुणाची आजी. चपलावाल्याची आई आली. डोंगरातून बस बदलत बदलत आलेली, हातात फडक्याची पुरचुंडी, पायांत फाटके बूट. ती अंगणाच्या कडेला बसली आणि मुलानं तिच्याकडे धाव घेतली नाही. तो दिदीच्या मागं लपला आणि एका डोळ्यानं बघत राहिला. तिनंही त्याला ओढलं नाही. पुरचुंडी सोडून भाजलेले मक्याचे दाणे काढले, स्वतःजवळ जमिनीवर ठेवले आणि थांबली. बराच वेळ गेल्यावर त्यानं एक दाणा उचलला.

नवरा नव्हता, शेत नव्हतं. शिक्षण मिळेल, पोटाला मिळेल असं कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं त्याला पाठवलं होतं. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेनं २००९ मध्येच सांगून ठेवलंय, की जगभरच्या अशा संस्थांतल्या पाचांपैकी किमान चार मुलांचे आई किंवा बाप जिवंत असतात. नेपाळमध्ये बरीचशी बालगृहं पर्यटक जिथं येतात त्याच मोजक्या जिल्ह्यांत आहेत, गरिबी सर्वांत जास्त असलेल्या डोंगराळ जिल्ह्यांत नाहीत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर तिथल्या सरकारला परवानगीशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीवर कायदा करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचीही दखल घेतली, आणि २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात या स्वयंसेवा-पर्यटनाबद्दल इशारा दिला. पाहुण्यांचं प्रेम खरं असतं. पण त्या प्रेमापाठोपाठ देणग्या येतात, आणि देणग्यांसाठी मुलं लागतात.

तेव्हा मला आनंदवनातले ते विटा वाहणारे परदेशी आठवले. त्यांच्या खिशातही परतीचं तिकीट होतं. म्हणून तर त्यांनी हातात घेतलेलं काम किती योग्य होतं! गवंडी निघून गेला तरी भिंत रडत नाही. जे जाणार आहेत त्यांनी मागं टिकणारं काम करावं; लहान मुलाला छातीशी धरायचं काम जे राहणार आहेत त्यांचं. मी स्वतः तिथं अंगणातली सकाळची कामं हळूहळू दिदीच्या हाती सोपवली आणि तिचा हिशेब, किराणा, शिवणटिपण माझ्याकडे घेतलं, म्हणजे नखं कापायला तिला वेळ उरे.

राहणं म्हणजे काय हे बघायला नेपाळला जावं लागत नाही. आमच्या विदर्भातच, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. टाकून दिलेल्या, गतिमंद, मूकबधिर, अंध अशा शंभराहून जास्त मुलांना त्यांनी बापाच्या जागी स्वतःचं नाव दिलं. कायदा म्हणतो, अठरा वर्षं झाली की मुलानं बालगृह सोडायचं. गतिमंद मुलीनं अठराव्या वाढदिवशी कुठं जायचं, हा प्रश्न बाबांनी सरकारला वर्षानुवर्षं विचारला आणि आपली मुलं आपल्यापाशीच ठेवली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जळगावच्या रेल्वे स्थानकाजवळ सापडलेली त्यांची अंध मुलगी माला पापळकर त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ज्यांचं खरंच कुणी नाही अशा मुलांना घर हवंच, आणि असं हवं.

पण आमच्या जिल्ह्यात ज्यांचं कुणीतरी आहे अशी मुलं फार आहेत. कापसाच्या कर्जानं बाप गेलेली, आई मागं राहिलेली. राजूरच्या भट्टीवर चुन्याच्या पाट्या उचलणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे. नवरा गेला तेव्हा भाऊबंदांनी सांगितलं, दोन्ही पोरं आश्रमात टाक, तू मोकळी हो. ती मला म्हणाली, “बाई, अर्धी भाकर खाईन, पण लेकरं नाही देत.” चुन्यानं तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या होत्या. त्या हातांनी तिनं अंगठा उठवला आणि अंगणवाडीच्या सेविकेनं तिचा अर्ज भरला. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आता एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. एवढ्यावर संसार होत नाही. पण मूल आईपाशी राहतं. तिची थोरली आता नववीत आहे.

वाढदिवसाला केक घेऊन बालगृहात जाणारी मंडळी आपल्याकडेही खूप आहेत. मुलांना रांगेत उभं करायचं, फोटो काढायचा, तो ग्रुपवर टाकायचा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी, आपलं पोरकेपण चारचौघांच्या मोबाइलवर फिरावं असं कोणत्या मुलाला वाटेल?

म्हणून माझं मागणं साधं आहे. महिन्याभरासाठी परदेशी जाऊन लहान मुलांत राहायचं मनात असेल, तर त्या तिकिटाचे पैसे तिथल्या एखाद्या दिदीच्या पगाराला द्या. आपल्या गावच्या बालगृहात जायचं असेल, तर ठरलेल्या वारी, वर्षानुवर्षं जाणं जमणार असेल तरच मुलांत बसा. नाहीतर छपराचे पत्रे बदलून द्या, हिशेब लिहून द्या. तुमच्या गावात नवरा गेलेली, लहान मुलं असलेली बाई असेल, तर तिच्याबरोबर एक दिवस काढा. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, बँकेचं पासबुक एवढे कागद गोळा करून जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात तिचा अर्ज पोहोचवा. आणि एकटं सोडलेलं मूल दिसलं, तर १०९८ हा क्रमांक लावा.