रजा आणि रुजू

कचेरीच्या मराठीत दोन शब्द शेजारीशेजारी नांदतात: एक 'रजा' आणि दुसरा 'रुजू'. दोन्ही आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आले. रजा म्हणजे मुळात संमती आणि रुजू म्हणजे परतणे. सुट्टी ही सर्वांना एकदम मिळते, नाताळची असो वा दिवाळीची. रजा मात्र ज्याची त्याने मागावयाची असते. आणि मागताना परत केव्हा येणार हेही सांगावे लागते. आमची नोकरीतील एकोणचाळीस वर्षे या दोन शब्दांच्या मधल्या जागेत गेली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. केंद्र सरकारच्या मुंबईतील एका कार्यालयात आम्ही आस्थापना शाखेत होतो आणि सहकाऱ्यांच्या सेवापुस्तकांत रजेचे हिशेब लिहिणे हेच आमचे काम होते.

सरकारी नोकराच्या रजेविषयी बाहेर पुष्कळ थट्टा चालते. त्या थट्टेत तथ्य नाही असे नव्हे. परंतु ज्या नियमांनी ही रजा बांधली आहे ते फार थोडे लोक वाचतात. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम १ जून १९७२ रोजी अमलात आले. रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, असे ते आरंभीच बजावतात. मात्र त्याच नियमात पुढे असेही सांगितले आहे की, कर्मचाऱ्याने जी देय रजा मागितली असेल तिचा प्रकार त्याच्या लेखी विनंतीवाचून अधिकाऱ्याला बदलता येणार नाही. एका हाताने आवळायचे आणि दुसऱ्या हाताने सांभाळायचे, अशी या नियमांची रीत आहे.

आजारी माणसासाठी त्यांत मुख्य सोय आहे ती अर्धवेतनी रजेची. सेवेच्या प्रत्येक वर्षाला ती २० दिवस मिळते आणि वापरली नाही तर साठत राहते. डॉक्टरांचा दाखला असेल तर तीच रजा पूर्ण वेतनाची करून घेता येते. तिला परिवर्तित रजा म्हणतात आणि तिच्या एका दिवसासाठी खात्यातून दोन दिवस वजा होतात. याखेरीज वर्षाला ३० दिवस अर्जित रजा असते, ती आज ३०० दिवसांपर्यंत साठविता येते. हे आकडे रुक्ष वाटतील, पण घरात आजारपण शिरले की याच आकड्यांवर चूल पेटते.

आम्ही हे पुस्तकातून शिकलो नाही. १९८४ च्या पावसाळ्यात आम्हांला क्षयरोग झाल्याचे निदान झाले. सेवा अकरा वर्षांची होती, पदरी दोन लहान मुले होती आणि वसईच्या वाडीत वृद्ध आईवडील होते. त्या काळी या रोगाचे नाव कोणी मोठ्याने घेत नसे; आईने शेजारीपाजारी 'छातीत कफ झालाय' एवढेच सांगितले होते. पाच महिने कामावर जाऊ नका, असे डॉक्टर म्हणाले तेव्हा रोगाच्याही आधी पगाराचा विचार मनात आला. आमचे हेडक्लार्क वयाने वडील होते. ते आमचे सेवापुस्तक उघडून बसले. अकरा वर्षांची अर्धवेतनी रजा २२० दिवस; तींतून पूर्वी घेतलेले ४० दिवस वजा जाता १८०; त्यांची परिवर्तित रजा ९० दिवस. अर्जित रजा शिल्लक ६० दिवस. बेरीज दीडशे. "पाच महिने पूर्ण पगार," ते म्हणाले, "आता औषध घ्या आणि स्वस्थ पडून राहा."

डिसेंबरात आम्ही प्रकृती ठीक असल्याचा दाखला घेऊन परतलो. हा दाखला दिल्याशिवाय वैद्यकीय रजेवरून रुजू होता येत नाही. टेबलावर दुसऱ्या कुणाच्या पेन्सिली होत्या, खुर्ची मात्र आमचीच होती. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने पाच महिने आपल्या कामाबरोबर आमचेही काम ओढले होते. "अहो, आमची दिवाळी तुमच्या फायलींत गेली," एवढेच तो हसत म्हणाला. रजेचा पगार सरकार देते. पण गेलेल्या माणसाचे काम कोणीतरी उचलावेच लागते, आणि ते उचलणाऱ्याचे नाव कोणत्याही सेवापुस्तकात लिहिले जात नाही.

त्या पाच महिन्यांनी आम्हांला एक गोष्ट शिकविली. रजेचा गाभा विश्रांतीत नाही, पगारातही पुरता नाही. तो राखून ठेवलेल्या जागेत आहे. कायम कर्मचाऱ्याचा आपल्या पदावरील धारणाधिकार रजेच्या काळातही अबाधित राहतो. कचेरीत त्याला सर्वजण 'लीन' म्हणतात. या दृष्टीने नियम पुन्हा वाचले तर त्यांतील कोरडेपणा बराच कमी होतो. रजा संपली आणि आजार संपला नाही, तर पुढे मिळावयाची अर्धवेतनी रजा आगाऊ देता येते. ही अनर्जित रजा, संपूर्ण सेवेत ३६० दिवसांपर्यंत. माणूस परत रुजू होईल अशी वाजवी आशा आहे, याची खात्री झाल्यावर ती द्यावयाची असते. म्हणजे सरकार त्याच्या परतण्यावर उसने देते! आणि पुढे प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्याला सेवानिवृत्त व्हावे लागले, अथवा मृत्यू आला, तर त्या रजेचे वेतन वसूल करावयाचे नाही, असेही नियम सांगतो. जो कर्मचारी अद्याप कायम झालेला नाही, पण ज्याची एक वर्षाची सलग सेवा झाली आहे, त्याला क्षय वा कुष्ठरोगासारख्या आजारात १८ महिन्यांपर्यंत बिनपगारी असाधारण रजा देता येते. पैसा नाही, पण जागा आहे.

आजाऱ्यासाठी जे तत्त्व, तेच सैनिकासाठी. प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचे उद्घाटन केले. एरवी आपली नोकरी वा धंदा करणारी माणसे तींत असतात. दरवर्षी प्रशिक्षण घेतात आणि बोलावणे आले की गणवेश चढवितात. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्यांनी सेवा केली आहे. लष्करी सेवा संपल्यावर अशा माणसाला पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे हा कायदा म्हणतो. तेही कशा अटींवर? नोकरीत खंड पडलाच नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या, त्यांहून कमी लाभाच्या नसलेल्या. हे कलम केवळ सरकारला नव्हे, खाजगी मालकालाही लागू आहे.

आमच्या कार्यालयातील एका लिपिकाला १९९० नंतरच्या वर्षांत असे बोलावणे आले. तो गेला त्या दिवशी त्याची पत्नी पगारपत्रकाची चौकशी करण्यास आमच्याकडे आली होती. तिचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. "ते परत आल्यावर त्यांना इथेच घेतील ना?" असे तिने विचारले. आम्ही तिला सेवापुस्तक दाखविले. पुढे तो सुखरूप परतला आणि ज्येष्ठतेच्या यादीत ज्या क्रमांकावर होता त्याच क्रमांकावर बसला. ज्वराने खाटेवर पडलेला माणूस आणि सीमेवर उभा असलेला माणूस यांच्यात साम्य ते काय, असे कोणी विचारील. दोघेही कामावर येऊ शकत नाहीत, आणि दोघांचाही तो कामचुकारपणा नाही, हे ते साम्य होय.

या व्यवस्थेचा गैरवापर होत नाही काय? होतो. गावी लग्न निघाले की कंबर दुखू लागते आणि दाखलाही मिळतो, हे आम्ही पाहिले आहे. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागविण्याचा अधिकार नियमांनी दिलेला आहे. खोट्या दाखल्याचे खरे नुकसान सरकारच्या तिजोरीचे नसते. पुढे जो खरोखर आजारी पडतो, त्याच्याकडे सारे संशयाने पाहू लागतात.

तथापि आम्हांला अधिक बोचते ते वेगळेच. नियमांच्या दुसऱ्याच कलमात ते कोणास लागू नाहीत याची यादी आहे. नैमित्तिक, रोजंदारीवरील आणि अर्धवेळ काम करणारे त्या यादीत आहेत; आणि जो कंत्राटदाराचा माणूस, तो तर सरकारी नोकरच नव्हे. २००९ साली आमच्या शाखेत संगणकावर माहिती भरणारा एक तरुण होता. सहा वर्षे तो आमच्याच खोलीत बसत असे, आमच्याच फायली हाताळीत असे. नाव मात्र कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. त्यालाही क्षय झाला. आमच्या वेळेपेक्षा औषधे पुष्कळ सुधारली होती, उपचार सहा महिन्यांचे झाले होते आणि सरकारी दवाखान्यात ते विनामूल्य मिळत होते. त्याला औषध फुकट मिळाले. वेळ मात्र मिळाला नाही. तिसऱ्या आठवड्यात कंत्राटदाराने दुसरा मुलगा पाठविला. आम्ही साहेबांकडे टिपण ठेवले. 'सदर इसम या कार्यालयाचा कर्मचारी नाही' असा शेरा घेऊन ते परत आले. शेरा नियमानुसारच होता. दोन महिन्यांनी तो तरुण आला तेव्हा दारातच उभा राहिला. त्याची खुर्ची जागच्या जागी होती. तिच्यावर दुसरा बसला होता आणि त्या दुसऱ्याचाही काही अपराध नव्हता.

एकच इमारत, एकच रोग, मध्ये पंचवीस वर्षे. या काळात कायदा मागेच गेला असे म्हणता येणार नाही. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्यास काढून टाकता येणार नाही, ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्याला ठेवावे, असे १९९५ च्या कायद्याने ठरविले आणि २०१६ च्या कायद्याने ते कायम राखले. छप्पर मजबूत झाले, यात शंका नाही. परंतु त्याखाली उभे राहणाऱ्यांपेक्षा बाहेर उभे असणाऱ्यांची संख्या वाढत आहे.

वाचकहो, हा प्रश्न केवळ सरकारचा आहे असे समजून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या पॅरिशमधील कितीतरी घरांत धुणेभांडी करणारी, वाडीत शिंपणे करणारी, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा करणारी माणसे येतात. ती आजारी पडली की आपण काय करतो? चार दिवस वाट पाहतो आणि पाचव्या दिवशी दुसरे कोणी मिळते का याची चौकशी करतो. इथे मालक आपणच आहोत.

आमच्या घरी कामास येणारी बाई २०१९ साली शस्त्रक्रियेसाठी जाणार होती. तिला आमच्याकडे नऊ वर्षे झाली होती. आम्ही एक साधी वही घेतली आणि सवयीप्रमाणे हिशेब मांडला: नऊ वर्षांचे, वर्षाला २० प्रमाणे, अर्धवेतनी १८० दिवस. डॉक्टरांनी ४५ दिवस विश्रांती सांगितली होती. पूर्ण पगार द्यावयाचा तर दुप्पट, म्हणजे ९० दिवस वजा. त्या काळापुरती तिची जाऊ कामास येईल आणि तिलाही तेवढ्याच दिवसांचे सांगितले जाईल, असे ठरले. शेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी ती आली. पदर खोचण्यापूर्वी तिने वही मागितली आणि विचारले, "काका, माझे किती उरले?"

"नव्वद," आम्ही सांगितले.