आधी परीक्षण, मग खत

वाचकहो, हा विषय घरोघरी वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात मांडावा की नाही, याचा मी बराच विचार केला. पण नवरा-बायको दोघेही वाचतात म्हणूनच इथे लिहितो.

मी बी.एस्सी. (कृषी) झालेला, सारा जन्म बांधावर फिरतीत घालवलेला माणूस. वयाच्या ५३ व्या वर्षी मला विलक्षण थकवा येऊ लागला. डोके ठणके, कामात मन लागेना. शरीरसंबंधाची इच्छा तर पार मावळली. मी काही बोलेना आणि सौ. मनातल्या मनात झुरे. माझे मन दुसरीकडे गुंतले की काय, अशी शंका तिला आली होती, हे तिने फार उशिरा सांगितले.

लाजेपोटी मी तालुक्याच्या एका औषध दुकानातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, ‘ताकदीची’ इंजेक्शने आणली. टोचून घेण्याआधीच ते खोके सौ.च्या हाती लागले. ती म्हणाली, “अहो, माती तपासल्याशिवाय लोकांना खताची गोणी फोडू देत नाही तुम्ही. आणि स्वतःच्या अंगात काय ओतताय, हे तरी ठाऊक आहे का?”

मी निरुत्तर झालो. पीक पिवळे पडले की लोक युरिया टाकतात. पण खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पडली तर लोह कमी असू शकते. आणि पाणी साचूनही पिवळेपणा येतो. हे मी हजारदा सांगितले होते.

आम्ही दोघे जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावले की टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या वृषणात तयार होणारे संप्रेरक. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी ते वळूच्या वृषणातूनच वेगळे काढले. वळू आणि बैल यांतला फरक शेतकऱ्याला सांगायला नको! मात्र थकवा मधुमेह, थायरॉइड, रक्तक्षय, झोपेत श्वास अडकणे किंवा उदासीनता यांनीही येतो. तेव्हा नुसत्या लक्षणांवर निदान करायचे नाही.

रक्त सकाळी, शक्यतो १० च्या आत, उपाशीपोटी द्यायचे, कारण दिवस चढतो तसे हे प्रमाण उतरते. एकदा कमी आले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचे. माझे दोन्ही वेळा कमी आले. मग दोष वृषणात की त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीत, हे पाहिले. माझे प्रोलॅक्टिन फार वाढलेले निघाले. एमआरआयमध्ये त्या ग्रंथीवर छोटी गाठ दिसली. कर्करोगाची नव्हे, आणि गोळ्यांनी आटोक्यात येणारी.

ती इंजेक्शने घेत बसलो असतो तर थोडी हुशारी वाटली असती, आणि गाठ आत तशीच राहिली असती.

आठवड्यातून दोनदा गोळी घेत गेलो. काही महिन्यांत डोकेदुखी थांबली, प्रमाण वर आले. घरात हसणे-बोलणे परतले.

ज्यांना खरोखरच टेस्टोस्टेरॉन द्यावे लागते त्यांनाही ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. त्याने रक्त प्रमाणाबाहेर घट्ट होऊ शकते, म्हणून अधूनमधून तपासावे लागते. प्रोस्टेट ग्रंथीवरही लक्ष ठेवावे लागते. आणि मूल हवे असलेल्या तरुणांनो, बाहेरून घेतलेल्या या औषधाने शुक्रबीज तयार होणे मंदावते, कधी थांबतेही. भिंतीवरच्या ‘मर्दानगी’च्या जाहिराती हे सांगत नाहीत. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या रंगतातच.

बंधूंनो, लाज सोडा, सकाळी उपाशीपोटी तपासून घ्या. आणि वहिनींनो, घरधनी गप्प गप्प झाले तर मनात अढी धरण्याआधी एकदा विचारा. माझ्या घरी तो प्रश्न विचारला गेला, म्हणून हा लेख लिहायला मी धडधाकट आहे.