विमा, दलाल आणि विश्वास

उद्यांची चिंता वाहूं नये अशी प्रभूची शिकवण. मग ख्रिस्ती मनुष्यानें विमा उतरावा काय, असा प्रश्न आमच्या मंडळींतील एका वृद्ध गृहस्थांनीं एकदां केला. आमच्या मतें चिंता निराळी आणि तजवीज निराळी. योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत धान्य सांठविलें, तें अविश्वासामुळें नव्हे. स्कॉटलंडांत तर धर्मोपदेशकांच्या विधवा व अनाथ मुलांसाठीं १७४४ सालीं गणिताच्या आधारें निधि उभारण्यांत आला. अर्वाचीन आयुर्विम्याच्या पायांतील तो एक दगड होय.

आमच्या घरीं मात्र हा प्रश्न निराळ्या रूपानें आला. आमच्या कुटुंबास कांहीं वर्षांपूर्वीं मधुमेह जडला. छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, मोठीं रुग्णालयें आहेत. परंतु त्यांचा खर्च शिक्षकाच्या वेतनास पेलणारा नव्हे. म्हणून आरोग्यविमा उतरविण्याचें आम्हीं ठरविलें. एका कंपनीनें अर्ज नाकारला, तेव्हां एका स्नेह्यांनीं हळूच सुचविलें, "मास्तर, पुढच्या अर्जांत साखरेचा उल्लेखच करूं नका. कोण पाहतो?"

आम्ही एका विमा-दलालांकडे गेलों. एजंट व दलाल यांतील भेद पुष्कळांस ठाऊक नसतो. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधि. दलाल हा ग्राहकाचा. दलालास विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना लागतो; तो अनेक कंपन्यांचीं विमापत्रें दाखवूं शकतो; आणि त्याच्या हातून चूक घडल्यास भरपाई व्हावी म्हणून त्यास स्वतःच्या जबाबदारीचाहि विमा उतरावा लागतो. त्याचें कमिशन मात्र कंपनी देते. यास्तव 'हेंच विमापत्र कां?' असें विचारण्यास ग्राहकानें संकोच धरूं नये.

स्नेह्यांची युक्ति ऐकतांच दलालांनीं प्रस्तावपत्र मिटून ठेविलें. ते म्हणाले, "सर, लपवाल तर आज हप्ता कमी पडेल, पण दाव्याच्या दिवशीं डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या बाहेर येतील आणि भरलेले हप्ते व्यर्थ जातील." विम्याचा करार परम विश्वासावर उभा असतो. सुमात्रा बेटांतील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यांत लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं हें तत्त्व १७६६ सालींच सांगून ठेविलें आहे.

दलालांनीं सर्व तपासण्यांचे कागद जोडून तीन कंपन्यांस विचारणा केली. दोघींनीं नकार दिला. तिसरीनें वाढीव हप्ता व ३६ महिन्यांची प्रतीक्षा घालून अर्ज स्वीकारला. पूर्वीं ही प्रतीक्षा ४८ महिन्यांपर्यंत असूं शके; २०२४ सालच्या नियमांनीं ती ३६ वर आणली. विमापत्र हातीं आल्यावर ३० दिवसांच्या आंत, न पटल्यास, परत करतां येतें. आणि कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा निकाल न लागल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागतां येते. हीं कलमें दलालांनीं आम्हांकडून एक एक वाचवून घेतलीं.

हप्ता आम्हांस जड जातो. प्रतीक्षेचे महिने अद्याप सरले नाहींत. तोंवर मधुमेहाचा व त्यापासून उद्भवणाऱ्या विकारांचा भार आमच्याच शिरावर आहे. तथापि त्या कागदावर आमच्या सहीखालीं असत्य असें कांहीं नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, खरें बोलावें हा धडा आम्ही तुम्हांस वर्गांत फुकट देतों. बाहेरच्या जगांत त्याची किंमत कधीं कधीं पावतीवर आंकड्यांनीं लिहिलेली असते. ती भरावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.