धाकट्याचा आवाज

माझ्या हातून आयुष्यात एकच गायक बिघडला, तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. शाळेत असताना तो सिनेमातली गाणी खड्या आवाजात म्हणत असे. मी तेव्हा नुकताच एम.ए.च्या वर्गात गेलो होतो आणि 'अभिरुची' हा शब्द नवाच हाती लागला होता. एकदा चार पाहुण्यांदेखत मी त्याला म्हणालो, "हे असले हलके संगीत या घरात नको." तो थांबला, तो थांबलाच. पुढे इंजिनियर होऊन बोस्टनला गेला.

2023 साली मी त्याच्याकडे गेलो होतो. 4 जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने मला चार्ल्स नदीच्या काठी बोस्टन पॉप्सच्या जलशाला नेले. हिरवळीवर सतरंजी, भावजयीने दिलेला डबा, आणि आजूबाजूला हजारो माणसे. तिकीट नाही! आर्थर फीडलरने नदीकाठी हे फुकट जलसे 1929 साली सुरू केले. मी मनात म्हटले, फुकट गाणे म्हणजे आपल्या गणेशोत्सवातल्या कर्ण्याचाच प्रकार असणार. पण 1881 साली बोस्टन सिंफनी उभी करणाऱ्या हिगिन्सनच्याच संस्थेने 1885 पासून हा हलक्याफुलक्या संगीताचा दुसरा संसार थाटला. एकाच घरात दोन्ही नांदली. आमच्या घरात मात्र जागा कमी पडली होती.

चायकोव्हस्कीच्या '1812'ला खऱ्याखुऱ्या तोफा उडाल्या. रशियाने नेपोलियनला परतवल्याच्या त्या रचनेचा अमेरिकेशी काय संबंध, असा प्रश्न माझ्यासारख्या मास्तरालाच पडावा! फीडलरने 1974 साली ती इथे आणली आणि लोकांना ती आवडली, इतकेच.

मग गायकवृंदाबरोबर श्रोत्यांनीही गायचा भाग आला. शेजारची आजी मनसोक्त बेसूर गात होती. आणि माझ्या कानाशी एक सुरेल, किंचित जाडसर झालेला आवाज आला. मी वळून पाहिले. धाकटा गात होता. माझी नजर जाताच तो गप्प झाला.

शब्द मला एकही येत नव्हता. काय करावे ते न सुचून मी ताल धरला. दोन ओळी गेल्या आणि तो पुन्हा गाऊ लागला. माझ्याकडे न पाहता.

परतताना भुयारी गाडीत उभे राहायलाही जागा नव्हती. दांडीला लोंबकळत तो एक जुने हिंदी गाणे गुणगुणत होता. तेच, पाहुण्यांसमोरचे.

"अंतरा म्हण ना," मी म्हणालो.

"विसरलो, दादा."

मला तो अक्षरन् अक्षर पाठ होता. मी म्हणायला लागलो. चार-दोन अमेरिकन माना वळल्या.