मापाची कमान

लेझीम ही मुळात कमान आहे, असे आम्ही आठवीच्या वर्गात सांगितले तेव्हा मुली हसल्या. पंधरा ऑगस्टला मैदानावर छन्‌छन् वाजणारी लेझीम, तिचा तीरंदाजीशी काय संबंध? पण फारसीत 'लेज़म' म्हणजे सरावाची मऊ कमान. तिला दोरीऐवजी लोखंडी साखळी असते. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी कोशातही लेजीम म्हणजे साखळी लावलेली व्यायामाची कमानच आहे. तालमीत ती ओढून दंड आणि खांदे तयार करायचे, तीर नंतर. पुढे तिला चकत्या लागल्या, ढोल-हलगीची साथ मिळाली आणि ती कमान होती हे आपण विसरलो. महाराष्ट्रातल्या शाळेत वाढलेल्या बहुतेक मुलांच्या हातात नवशिक्याची कमान एकदा तरी येऊन गेलेली आहे, ती अशी.

उस्मानी तुर्कांकडे अशा हलक्या कमानीला 'केपाझे' म्हणत. इस्तंबूलच्या ओकमैदानावर जाणारा शागीर्द आधी ही मऊ कमान नुसती ओढत राही. तीर नाही, निशाणा नाही. हात बसला की उस्तादाकडून त्याला 'कबजा' मिळे. कबजा म्हणजे कमानीची मूठ. जमिनीच्या भानगडींत आपण रोज वापरतो तोच हा शब्द. गंमत अशी की, आजच्या तुर्कीत 'केपाझे' म्हणजे ज्याचे हसे झाले आहे असा माणूस. हलकी कमान धरणाऱ्याला लोकांनी हसावे ही रीत बरीच जुनी दिसते.

आम्ही भाषा शिकवणारे. आमच्या हाती खडू बरा. तरी हा विषय आमच्या गळ्यात पडला तो एका मुलीमुळे. आमचा जिल्हा सातारा. २०२३ साली याच जिल्ह्यातली आदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे जिंकला. त्याआधी सारड्याचा प्रवीण जाधव टोकियोच्या ऑलिंपिकला जाऊन आला होता. आदितीचे वडील शिक्षक, हे कळल्यावर तर आमच्या स्टाफरूममध्ये उगीचच सगळ्यांच्या माना ताठ झाल्या. आणि आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "आपा, मुझे ये सीखना है."

शेजारच्या हायस्कूलच्या मैदानावर संध्याकाळी तीरंदाजी शिकवणारे एक सर आहेत. ते शिकवायला तयार झाले. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला थोडी रक्कम दिली होती, त्यातून एक संच घेता येणार होता. एकच. मुलीचे वडील टेम्पो चालवतात. त्यांनी दोन महिन्यांची परवानगी दिली आणि वर म्हणाले, "आपा, खांदा-बिंदा गया तो मोहल्ले को जवाब तुम देना." मोहल्ल्याचे आम्हांला ठाऊक आहे. हिचा खांदा दुखला तर पुढची दहा वर्षे कुठल्याही मुलीने मैदानाचे नाव काढले की हिचाच खांदा दाखवला जाईल. म्हणून पहिली कमान कोणती घ्यायची हा प्रश्न नुसत्या खरेदीचा राहिला नव्हता.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. नववीच्या मुलांनी मोबाइलवर एक कमान दाखवली. पानाफुलांच्या लष्करी रंगाची, दोन्ही टोकांना चाके, नाव 'हंटिंग बो'. शिकारीची कमान! आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या नावाने कमान घेण्यात अर्थच उरलेला नाही. ती अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांसाठी. तिथे अनेक राज्यांत ठरावीक जोराखालची कमान शिकारीला चालत नाही, कारण जनावर अर्धवट जखमी होऊन पळू नये. म्हणजे ती कमान जड असते ती गरजेपोटी. मुलांचे म्हणणे, चाकांमुळे ती सोपी पडते. अर्धे खरे आहे. साठ पौंडांची कंपाउंड पूर्ण ओढल्यावर चाके बहुतेक भार आपल्यावर घेतात आणि बोटांवर बारा-पंधरा पौंडच राहतात. पण तिथवर पोचायला मधला साठ पौंडांचा घाट चढावाच लागतो. शिवाय किंमत अशी की त्यात टेम्पोचे दोन-तीन हप्ते सहज निघावेत.

दुसरा सल्ला वडिलांचा. "अब लेना है तो भारी लेओ ना आपा, अगले साल पैसा कौन देगा?" यात त्यांची चूक नाही. आपल्या घरांत गणवेश नेहमी वाढत्या अंगाचा शिवतात. बाह्या दुमडायच्या, खाली टीप घालायची, दोन वर्षे निघतात. चपलासुद्धा एक नंबर मोठी. दुकानदारानेही नेमके हेच ओळखले आणि तीस पौंडांची कमान पुढे केली, "पोरगी वाढतीय, पुरंल." पण कमान वाढत्या मापाची घेता येत नाही. ती आजच्या हाताचीच लागते. मोठा सदरा मुलीला ढगळ होतो एवढेच. मोठी कमान तिच्या खांद्याला वाकडे वळण लावते. दोरी ओढवत नाही म्हणून ती पाठ मागे झुकवते, खांदा कानाशी नेते, मान पुढे काढते. त्या वाकड्या अंगाने चार महिने तीर मारले की तेच अंगवळणी पडते, आणि पुढे कुठल्याही उस्तादाला ते मोडता मोडत नाही.

मग आम्ही हिशेब मांडला. हिशेब पोटात उतरल्याशिवाय घरातले पुरुष ऐकत नाहीत, हा आमचा जुना अनुभव. रिकर्व्ह प्रकारात मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत ७२ तीर मारायचे असतात. तीस पौंड हातावर आले तर ७२ वेळा ओढून २१६० पौंड, म्हणजे ९८० किलो. जवळजवळ एक टन. टेम्पोवाल्याला टन समजावून सांगावा लागत नाही. ते गप्प झाले.

कमानीवर जो आकडा लिहिलेला असतो तोही फसवा असतो, हे आम्हांला सरांकडून कळले. २० पौंड असे लिहिले असेल तर ते दोरी २८ इंच ओढल्यावरचे. ज्याचा हात तेवढा लांब नाही त्याच्या वाट्याला कमी येते, इंचामागे साधारण दीड-दोन पौंड कमी. लांब हाताच्या मुलाला तीच कमान जास्त जड पडते. म्हणून आधी मुलगी मोजायची, मग कमान. आम्ही तिला फळ्याशेजारी भिंतीला पाठ लावून उभे केले, हात दोन्ही बाजूंना पसरायला लावले आणि मधल्या बोटांच्या टोकांशी खडूच्या खुणा केल्या. अंतर भरले ६० इंच. त्याला अडीचने भागायचे. चोवीस. ही तिची खेच. म्हणजे वीस पौंडांची कमान तिच्या हातात बारा-चौदा पौंडांची होणार. वर्गातल्या सगळ्याच मुली मग भिंतीला लागल्या. त्या दिवशी उर्दूचा तास झाला नाही. भागाकार मात्र चांगला झाला.

डोळ्याची परीक्षा तर त्याहून मजेची. दोन्ही तळवे पुढे धरून मध्ये छोटी खिडकी करायची आणि तिच्यातून दूरची एखादी वस्तू बघायची. आमच्या खिडकीतून मशिदीचा मीनार दिसतो. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला मीनार जागेवर दिसतो तो मालक, दुसरा नुसता भाडेकरू. आमच्या मुलीचा मालक डावा निघाला. लिहिते उजव्या हाताने, पण नेम डाव्या डोळ्याचा. अशा मुलीने दोरी डाव्या हाताने ओढलेली बरी. घरी हे कळल्यावर दादी उखडल्या. जेवण-पाणी, देणेघेणे, सगळे सीध्या हाताने करायला शिकवले आणि हे उल्टे हाथ से? मुलीनेच उत्तर दिले, "दादी, कमान तो सीधे हाथ में है. उल्टा खाली डोरी खींचता." दादींना ते पटले की नाही कोण जाणे, पण त्या गप्प बसल्या.

आता कमान कोणत्या जातीची? एक होती देशी बांबूची, 'इंडियन राउंड'ची. अखंड, स्वस्त, दुर्बीण-काटा काही नाही. गावोगावची मुले तिच्यावरच सुरुवात करतात आणि आम्हांलाही तीच आवडली होती. पण ती एका जोराची असते. मुलीचे अंग भरले की दुसरी घ्यावी लागणार. दुसरी सुटी होणारी लाकडी रिकर्व्ह. मधली मूठ वेगळी, वर-खाली दोन पाती वेगळी, स्क्रूने जोडायची. पाती बदलली की जोर बदलतो, मूठ तीच. या पात्यांना सगळे जण 'लिंब' म्हणतात. फोनवर दुकानदार म्हणाला, "लिंबं वेगळी मिळतील." आमच्या शिपाई मामांनी ते ऐकले. म्हणाले, "बाजारात दहाला चार हायती, साताऱ्यास्नं कशाला मागवताय?"

वडिलांच्या 'अगले साल'चे उत्तर या लिंबांत होते. ६६ इंचांची, डावखुऱ्यांच्या मुठीची सुटी रिकर्व्ह ठरली, १८ पौंडांच्या पात्यांची. तिच्या हाताशी बाराच्या आसपास. डावखुरी मूठ मागवून घ्यावी लागली आणि तीन आठवडे गेले. पण त्यात पर्याय नव्हता, कारण मुठीला तीर टेकवायची जी खाच असते ती एकाच बाजूला कापलेली असते. तीर तिच्या खेचेपेक्षा दोन इंच लांब घेतले. नवशिक्याने जास्त ओढले तरी टोक मागे सरकून हातावर येऊ नये म्हणून.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी तोवर आम्हांला हदीस ऐकवली. सहीह मुस्लिममध्ये उक़बा बिन आमिर (रजि.) यांची रिवायत आहे की, हुजूरांनी (स.) मिंबरवरून कुव्वत म्हणजे तीरंदाजी असे तीनदा फर्मावले. मग कुव्वतीसाठी अशी लेचीपेची कमान? आम्ही अदबीने म्हटले, चाचा, त्याच किताबात उक़बा यांचीच आणखी एक रिवायत आहे, तीरंदाजी शिकून ती सोडून देणाऱ्याबद्दलच्या नाराजीची. जड कमानीने दुखावलेली मूल पहिल्या महिन्यातच सोडते. चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "ये भी सही है," म्हणाले.

कपड्यांचा प्रश्न लोकांना वाटतो तेवढा अवघड नव्हता, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नव्हता. दोरी सुटते तेव्हा वाटेत जे कापड येईल त्याला फटकारते आणि तीर भरकटतो. म्हणून ओढणीचे पदर आत खोचून पिना लावल्या. बाही घट्ट, तिच्यावर कोपरापर्यंत चामड्याची पट्टी. बोटांना कातड्याचा टॅब. पूर्वी तुर्क, मुघल अंगठ्याने दोरी ओढत, त्यासाठी अंगठ्यात 'ज़ेहगीर' घालत. आपल्या एकलव्याचाही अंगठाच मागितला गेला. आजच्या स्पर्धांत तीन बोटे, एक तीराच्या वर आणि दोन खाली. ओढलेली दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला लागली पाहिजे, दर वेळी त्याच जागी. त्यामुळे स्कार्फ हनुवटीखाली सपाट बसवावा लागतो, तेवढेच. दादींना आम्ही इराणच्या ज़हरा नेमतींचा फोटो दाखवला. व्हीलचेअरवर बसलेल्या, डोक्यावर स्कार्फ, हातात कमान. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक घेतले आणि २०१६ ला रिओत ऑलिंपिक, पॅरालिंपिक दोन्ही खेळल्या. दादींनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला आणि एवढेच विचारले, "इस को बच्चे कितने हैं?"

पहिले तीन आठवडे सरांनी तीर दिलाच नाही. नुसते ओढायचे, वीस आकडे मोजायचे आणि हळूच परत आणायचे. मोकळी दोरी सोडायला सक्त मनाई. तीर नसेल तर ओढलेला सगळा जोर कमानीतच घुमतो आणि पाती फुटतात. मैदानाच्या कडेला मुले हसायची, लेझीम खेळतीय म्हणून. त्यांना कल्पना नव्हती ते किती बरोबर बोलत होते. आम्ही कट्ट्यावर वह्या तपासत बसायचो. सर मधूनच ओरडायचे, "शिस्त धर!" आम्ही रोज वर्गात हाच शब्द वापरतो, पण उर्दूत 'शिस्त बाँधना' म्हणजे नेम धरणे, आणि जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे तेच. त्यानंतर वर्गात 'शिस्त ठेवा' म्हणताना आम्हांलाच थोडे चुकल्यासारखे वाटते.

चौथ्या आठवड्यात दहा मीटरवरून तीर सुरू झाले. खांदा दुखला नाही. दोन महिन्यांची मुदत कधी संपली ते वडिलांनी विचारले नाही, आम्हीही आठवण करून दिली नाही. दिवाळीनंतर तिला बावीस पौंडांची पाती लागली. ती वडिलांनीच आणली, टेम्पोच्या फेरीत. जुनी अठराची पाती तिने एका फाटक्या ओढणीत गुंडाळून शाळेत आणून दिली. सध्या आमच्या कपाटात आहेत. सहावीतल्या दोघींची मापे घेऊन झाली आहेत. एकीची खेच बावीस इंच, दुसरीची साडेतेवीस. दोघींचाही मालक डोळा उजवा, तेव्हा आता उजवी मूठ तेवढी बघायची आहे.