राखेच्या बुधवारापूर्वी

उपवासकाळ जवळ आला की आमच्या वेसाव्यातील घराघरांत एकच बेत शिजू लागतो: बुधवारी कपाळी राख लागण्यापूर्वी मंगळवारी पोटभर मटण खाऊन घ्यावे! पुढे शुक्रवारी मांस वर्ज्य. पण ताजा सरंगा पानात असताना आम्हा दर्यावर्दी माणसांना त्याचा कसला आला त्याग?

या दिवसांना गोव्यात ‘इंत्रूज’ म्हणतात. पोर्तुगीज ‘एंत्रुदो’वरून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘इंत्रोइतुस’, म्हणजे प्रवेश, आहे. ‘कार्निव्हल’ या शब्दात मांस दूर सारणे आहे. मध्ययुगीन इंग्लंडने मात्र या दिवसांना ‘श्रोव्हटाइड’ हे नाव दिले. ‘श्राइव्ह’ म्हणजे धर्मगुरूंनी पापनिवेदन ऐकून प्रायश्चित्त नेमून देणे व पापक्षमा देणे. रविवार, सोमवार, मंगळवार या तिन्ही दिवसांच्या नावांमागे ‘श्रोव्ह’ हाच शब्द लागे. तेव्हा उपवासकाळात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य असे. ते संपविण्यासाठी मंगळवारी घावनांसारखे पॅनकेक होत. मेजवानी होतीच, परंतु दिवसाला नाव मिळाले ते पापनिवेदनाचे.

ऑर्लेआंचे बिशप थिओडल्फ यांनी इ. स. ८०० च्या सुमारास आपल्या धर्मगुरूंसाठी नियम लिहिले. इंग्लंडमध्ये त्यांचे जुन्या इंग्रजीत भाषांतरही झाले. उपवासकाळापूर्वीच्या आठवड्यात पापनिवेदन करावे, एवढेच त्यांत नाही. भांडणाऱ्यांचा समेट व्हावा, सारे तंटे मिटावेत, असेही त्यांत सांगितले आहे.

हे वाचले आणि आम्ही खजील झालो. वलांडीवर बोंबील वाळविण्याच्या जागेवरून आमच्या व शेजारच्या घराचा अबोला सहा वर्षे चालला होता. दरवर्षी आम्ही पापनिवेदन करीत होतो, प्रायश्चित्ताच्या प्रार्थना म्हणत होतो आणि मिस्साहून परतताना त्यांच्या दारावरून मान वळवून जात होतो.

गेल्या मंगळवारी मटण शिजले, तेव्हा त्यातले भांडेभर घेऊन आम्ही शेजारी गेलो. काय बोलावे ते सुचेना. दारात म्हातारी मावशी उभी होती. तिने भांडे घेतले, क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आत या. दारात किती वेळ उभे राहणार?”

जागेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी राख घेण्यासाठी दोन्ही घरे एकाच रांगेत उभी होती.